आधी इथे काही नव्हतं

आमच्या गावात पाहण्यासारखं काहीही नाही, आणि त्याचा अभिमान मात्र घरोघर आहे. ब्राउनश्वाइग शहराहून पूर्वेला निघालं आणि दोन जर्मनींमधली जुनी सरहद्द ओलांडली की बीटाची शेतं लागतात. ती संपतात तिथे आमचं गाव सुरू होतं आणि गाव संपतं तिथे पुन्हा बीट. मधे एक चर्च, अग्निशमन दलाची शेड आणि कधीच बंद पडलेलं एक गास्टहाउस, ज्याच्या दारावर मेनू मात्र अजून टांगलेला आहे. सरहद्दीच्या या बाजूला घरं स्वस्त होती आणि माझ्या नवऱ्याला बाग हवी होती, म्हणून आम्ही इथे आलो. दोघंही गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. सकाळी पश्चिमेला जायचं, संध्याकाळी पूर्वेला परतायचं. बागेत नवऱ्याने एकदा मिरच्या लावल्या होत्या, त्या गोगलगायींनी खाल्ल्या.

गावात हाइमाटफेराइन आहे, म्हणजे गावाचा इतिहास सांभाळणारं मंडळ. सगळे पेन्शनर. अध्यक्ष आमचे शेजारी, निवृत्त भूगोल शिक्षक. पहिली काही वर्षं ते माझ्याशी फक्त कचऱ्याच्या डब्यांबद्दल बोलले: पिवळा कुठे ठेवायचा, निळा कधी बाहेर काढायचा. मग एका शनिवारी ते आलुबुखाऱ्याचा केक घेऊन दारात उभे राहिले. जर्मन शेजारी केक घेऊन आला की काम असतं, हे मला तोवर कळलं होतं.

“आल्झो,” ते ‘तर मग’ अशा सुरात म्हणाले, “तुमच्याकडे इंग्रजांचं राज्य होतं. म्हणजे इंग्लिश तुमच्या रक्तातच असणार.”

“रक्तात नाही. शाळेत शिकले, पुण्यात.”

“गेनाऊ,” ते म्हणाले. हा गृहस्थ समोरच्याचं ऐकून न घेता ‘गेनाऊ’ म्हणजे ‘अगदी बरोबर’ म्हणतो.

त्यांच्या शाळेच्या काळात सरहद्दीच्या या बाजूला रशियन शिकवत असत, त्यामुळे त्यांना इंग्लिश येत नव्हतं. आणि मंडळाला ते अचानक लागणार होतं. शे-दीडशे वर्षांहून जुनी गोष्ट. गावातली काही कुटुंबं प्रार्थनेच्या पुस्तकावरून राजाशी भांडली, जहाजात बसली आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरली. तिथे त्यांनी वसवलेल्या गावाला आमच्याच गावाचं नाव दिलं. पुढे पहिल्या महायुद्धात तिथल्या सरकारने नकाशावरची जर्मन नावं पुसली आणि त्या गावाला कुणा इंग्रज साहेबाचं नाव चिकटवलं. “आमचं नाव चोरलं,” अध्यक्ष म्हणाले, जणू काल रात्री सायकल चोरीला गेली होती. त्या कुटुंबांपैकी एकाचा वंशज बायकोसह युरोप फिरायला येणार होता आणि आमच्या गावात एक दिवस थांबणार होता. त्यांच्यासाठी मंडळ एक माहितीपुस्तिका छापणार होतं, डाव्या पानावर जर्मन, उजव्या पानावर इंग्लिश. शिवाय त्या ऑस्ट्रेलियन गावाची उंचसखल प्रतिकृती अध्यक्ष स्वतः बनवत होते, प्लास्टरची, एका जुन्या दाराच्या फळीवर.

“तुम्ही गेलात का कधी तिथे?” मी विचारलं.

“कशाला? उपग्रहाची छायाचित्रं आहेत.”

मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर पुन्हा कचऱ्याचे डबे होतेच.

त्याच उन्हाळ्यात माझे सासरे आमच्याकडे राहायला आले होते. नगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. सहकारी बँकेत मॅनेजर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनीही आपल्या गावाचा इतिहास लिहिला होता. त्या पुस्तकात निम्मी पानं देणगीदारांच्या फोटोंची आणि उरलेल्या निम्म्यात आमच्या आडनावाचे लोक. पुस्तकाच्या दहा-बारा प्रती ते बॅगेत घालून जर्मनीला घेऊन आले होते, कुणाला द्यायच्या होत्या देव जाणे. त्यांची आणि अध्यक्षांची बागेच्या भिंतीवरून ओळख झाली. एकाला जर्मन येत नाही, दुसऱ्याला मराठी तर नाहीच, इंग्लिशही नाही. तरी आठवडाभरात दोघे जोडीने गावातून फिरायला लागले. एक हाताने चर्चच्या मनोऱ्याकडे दाखवायचा, दुसरा मान डोलवायचा. मग दुसरा आपल्या पुस्तकातलं जुन्या मंदिराचं चित्र उघडायचा आणि पहिला “गेनाऊ” म्हणायचा. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून त्यांचं इतकं जमलं असं माझं मत आहे.

“फार अभ्यासू माणूस आहे हो तुमचा शेजारी,” बाबा, म्हणजे सासरे, जेवताना म्हणाले. “गावाबद्दल केवढी तळमळ!”

“त्यांनी लिहिलेला या गावाचा इतिहास मी वाचलाय, बाबा. तुम्हालाही वाचून दाखवते कधीतरी. हिटलरच्या सगळ्या काळात या गावात एकच गोष्ट घडली. अग्निशमन दलाला नवा पंप मिळाला.”

“मग? घडलं नसेल दुसरं काही.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि वरणाचं भांडं बाबांच्या पुढे सरकवलं.

पुस्तिकेचा मजकूर माझ्या हातात आला तेव्हा पहिल्याच वाक्यावर मी अडकले. ‘आपले पूर्वज तिथे पोहोचले तेव्हा तो प्रदेश निर्जन होता.’ जर्मनमध्ये एकच शब्द होता, उनबेव्होन्ट. त्यापुढे तीन परिच्छेदांत भूगोल: पर्जन्यमान, मातीचा प्रकार, गव्हाचं उत्पादन. त्यापुढे चर्चचा पाया, शाळा, रेल्वे. मला ऑस्ट्रेलियाचं फार कळत नाही, पण तिथे माणसं होती एवढं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. या माणसाने तर आयुष्यभर भूगोल शिकवला होता.

मी कागद घेऊन शेजारी गेले. अध्यक्ष त्यांच्या गॅरेजमध्ये प्रतिकृतीला रंग देत होते. शेजारी एक स्टूल टाकून बाबा बसले होते, हातात हिरव्या रंगाचा डबा धरून.

“हे निर्जन बरोबर नाही,” मी म्हटलं.

“त्या काळच्या सगळ्या कागदपत्रांत तसंच आहे.”

“कागदपत्रं कोणी लिहिली?”

“आपल्या लोकांनी.”

“मग?”

त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. “शेजारीणबाई, ही एका दिवसाच्या कार्यक्रमाची पुस्तिका आहे. न्यायालय नाही. पाहुणे आनंदाने यावेत आणि आनंदाने जावेत.”

“मी ते वाक्य इंग्लिशमध्ये लिहिणार नाही.”

“नका लिहू,” ते शांतपणे म्हणाले. “इंग्लिश पान दुसऱ्या वाक्यापासून सुरू करू. पहिलं अक्षर जरा मोठं छापू, कुणाच्या लक्षात येणार नाही.”

म्हणजे सत्याचा प्रश्न त्यांनी टायपाच्या आकारावर सोडवला. मी भांडण्याच्या तयारीने गेले होते आणि त्यांना भांडणाइतकंही काही वाटत नव्हतं. बाबांनी विचारलं काय चाललंय, म्हणून मी मराठीत सांगितलं.

“अगं, त्यांच्या घरचं कार्य आहे,” ते म्हणाले. “आपण पाहुणे. आपण कशाला त्यांच्या पूर्वजांना नावं ठेवायची?”

“तुम्ही पाहुणे आहात, बाबा. मी इथली रहिवासी आहे, इथे कर भरते.”

“तरी सुद्धा,” ते म्हणाले आणि रंगाचा डबा अध्यक्षांच्या पुढे केला.

त्या रात्री मी बाबांचं पुस्तक काढून पुन्हा चाळलं. मला अंधुक आठवत होतं ते पहिल्याच पानावर सापडलं. ‘आपले पूर्वज येण्याआधी येथे केवळ घनदाट अरण्य होते.’ त्या गावाच्या वरच्या अंगाला ठाकर आदिवासींची वाडी आहे. माझं लग्न त्या गावात झालं तेव्हा आदल्या दिवशी वाडीवरच्या बायका अंगणाच्या कडेला बसून पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत होत्या. त्यांची जेवणं सगळ्यांच्या शेवटी, घराच्या मागच्या बाजूला झाली. नवी नवरी म्हणून माझ्याकडे पाहायला त्या आल्या तेव्हा त्यांना कुणी खोलीत येऊ दिलं नाही, त्यांनी खिडकीतून पाहिलं. पुस्तकात देणगीदारांच्या फोटोंना जागा पुरली नव्हती, मग या बायकांना कुठून मिळणार?

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. अग्निशमन दलाच्या शेडमधून गाडी बाहेर काढून आत टेबलं मांडली होती. ब्रास बँडने दोन सुरावटी वाजवल्या, दोन्ही सारख्याच वाटल्या. पाहुणे भाड्याच्या गाडीतून उतरले. नवरा आडवातिडवा, अर्ध्या चड्डीत, उन्हाने मान लाल झालेला. बायको किडकिडीत, डोक्यावर कापडी हॅट. आयुष्यभर गहू पिकवलेला, आता जमीन मुलाकडे सोपवलेला शेतकरी होता तो. बर्लिनहून हॅनोव्हरला जाताना वाटेत थांबले होते आणि इतक्या लोकांना समोर पाहून दोघंही कावरीबावरी झाली होती. त्यांना वाटलं होतं, कुणीतरी चर्च दाखवेल आणि कॉफी पाजेल.

अध्यक्षांनी भाषण केलं. मी वाक्यावाक्याला इंग्लिश करत होते. ‘आपल्या रक्ताचे लोक’, ‘महासागरापलीकडची लेकरं’, ‘पुसलेलं नाव’. त्या शेतकऱ्याने मला हळूच विचारलं, “हे किती वेळ चालणार आहे?” ते मी जर्मनमध्ये केलं नाही.

मग प्रतिकृतीवरचं कापड काढलं. टाळ्या झाल्या. शेतकरी पुढे वाकला, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

“हे कुठलं गाव?” त्याने मला विचारलं.

“तुमचं.”

तो हसायला लागला. हसणं आवरायचा त्याने खरंच प्रयत्न केला. सगळी फळी हिरवीगार होती, आमच्या गावच्या मे महिन्यासारखी. मागे डोंगर उभे केले होते, त्यांच्यावर खेळण्यातल्या रेल्वेच्या दुकानातून आणलेली सुचीपर्णी झाडं चिकटवली होती. मधून निळीशार नदी वाहत होती.

“हा डोंगर,” तो बोट ठेवून म्हणाला, “आमच्याकडे याला चढ म्हणतात. सायकल चालवताना कळतो, बघून नाही. आणि ही नदी पाच-सात वर्षांतून एकदा येते. एरवी वाळू आणि काठाने मोठाले निलगिरी. हिरवं तर काहीच नाही. ऑगस्टमध्ये थोडे दिवस गहू हिरवा दिसतो. मग पिवळा, मग मातीच.”

मी भाषांतर केलं. अध्यक्ष ‘गेनाऊ’ म्हणाले.

तो मात्र रंगात आला होता. माझ्याकडे वळून, मुख्यतः माझ्याचसाठी, त्याने सगळा भूगोल सांगितला. जिथपर्यंत पावसाचा भरवसा धरता येतो अशी एक रेषा जुन्या सरकारी माणसाने आखली होती. तिच्यापलीकडे गहू पेरू नका, असं सांगितलं होतं. ती रेषा त्यांच्या गावाच्या अगदी जवळून जाते. लागोपाठ चांगली वर्षं आली आणि लोकांनी पलीकडेही झाडं तोडून नांगर घातला. मग दुष्काळ आले, पलीकडची दगडी घरं छप्पर नसलेली अजून उभी आहेत. झाडं गेली तसं जमिनीखालचं खारं पाणी वर आलं, सखल भागात आता मिठाचा पांढरा थर दिसतो. रेल्वे बंद झाली. धान्याची कोठारं आहेत, त्यांच्यावर कुणीतरी मोठमोठी चित्रं काढून दिलीत म्हणून टुरिस्ट गाडी थांबवतात, फोटो काढतात आणि पुढच्या गावात जाऊन जेवतात, कारण आमच्याकडे जेवायला काही मिळत नाही.

सगळ्या दिवसात मला ऐकावंसं वाटलं ते हेच. या माणसाला आपल्या गावाबद्दल काडीचाही अभिमान नव्हता आणि म्हणून ते गाव मला दिसायला लागलं होतं. मी मनात म्हटलं, चला, एक तरी शहाणा भेटला. ते मत अर्धा तासही टिकलं नाही.

त्याची बायको एव्हाना पुस्तिका वाचत होती. तिच्या आजीच्या घरी प्रार्थना जर्मनमध्ये होत असत, त्यामुळे तिला मोडकंतोडकं वाचता येत होतं. ती दोन्ही पानं शेजारी शेजारी धरून पाहत होती. मग तिने डाव्या पानावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, “हे वाक्य इंग्लिशमध्ये नाही. उनबेव्होन्ट म्हणजे?”

“तिथे कोणी राहत नव्हतं,” मी म्हटलं. “मी ते भाषांतर करायला नकार दिला.”

ती पुस्तिका मिटून म्हणाली, “आमच्या चर्चच्या मागे एक पाणवठा आहे. उन्हाळ्यात न आटणारं तेवढं एकच पाणी. चर्च तिथेच का बांधलं? कारण पाणी तिथे होतं. आणि पाणी होतं म्हणून माणसंही तिथेच होती. दगडांवर खळगे आहेत, दाणे वाटून वाटून पडलेले. लहानपणी आम्ही त्यांत पाणी भरून खेळायचो. हे कोणी केले म्हणून मी आजीला विचारलं होतं. आजी म्हणाली, जेवणाच्या टेबलावर हा विषय काढायचा नाही.”

“मग ती माणसं?”

“काहींना मिशनमध्ये नेलं, दूर. काहींचं काय झालं ते आमच्या लोकांनी लिहून ठेवलं नाही. काही घरं परत आलीत. आमच्या शाळेची बस चालवते ती बाई त्यांच्यातलीच. रोज आमच्या नातवंडांना नेते-आणते. चर्चच्या जत्रेला मात्र तिला कोणी बोलावत नाही.”

“अगं, आता नको,” तिचा नवरा म्हणाला. इतका मोकळाढाकळा माणूस, पण हे वाक्य त्याने असं काढलं जणू खिशात तयारच होतं.

“ती काय म्हणाली?” अध्यक्षांनी विचारलं.

मी सांगितलं, सगळं, काही न गाळता, आणि शेडमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. बँडवाले थांबले होतेच. मागच्या टेबलावरच्या एका आजीबाईंनी चमचा खाली ठेवला. कोणी काहीतरी बोलेल असं मला खरंच वाटलं. निदान ‘हे खोटं आहे’ असं तरी. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

“गेनाऊ,” ते म्हणाले. “आणि आता कॉफी आणि केक.”

खुर्च्या सरकल्या. लोक केकच्या टेबलाकडे गेले. आलुबुखारा, चीज, खसखस. शेतकऱ्याने तिन्ही घेतले. त्याची बायको माझ्याशेजारी उभी राहिली आणि तिनेही एक तुकडा घेतला, मीही घेतला. करणार काय, उपाशी राहून कोणाचं भलं होणार होतं?

घरी परतताना बाबा आणि मी पायी निघालो. नवरा टेबलं उचलायला मागे थांबला होता. बाबांचा चेहरा पडला होता.

“त्या बाईने उगाच विचका केला,” ते म्हणाले. “एवढी मेहनत घेतली त्या माणसाने. रंगाचा वास अजून माझ्या हाताला आहे.”

“बाबा, तुमच्या पुस्तकातही तेच वाक्य आहे.”

“कुठलं?”

“तुमचे पूर्वज येण्याआधी तिथे नुसतं अरण्य होतं.”

“होतंच अरण्य. मग काय होतं?”

“आमच्या लग्नात पत्रावळी कोणी लावल्या?”

त्यांनी थोडा विचार केला. “ठाकरणींनी. वाडीवरच्या.”

“त्या कुठून आल्या?”

“कुठून म्हणजे?” बाबा वैतागले. “ते कुठून येतील? ते तिथलेच. पहिल्यापासूनचे.”

आणि ते पुढे चालायला लागले. मी रस्त्यात थांबले. मला वाटलं, आता दोन पावलांवर त्यांना कळेल आपण काय बोललो ते. मी वाट पाहिली. ते वळून म्हणाले, “चल गं, वारा सुटलाय.” बस्स. एक संपूर्ण पुस्तक लिहिलेल्या माणसाने स्वतःच्याच तोंडाने ते पुस्तक खोडून काढलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “ते आता पंचाहत्तरीला आलेत. तुला त्यांच्याकडून काय पाहिजे आहे?” मला काय पाहिजे होतं ते सांगणं अवघड नव्हतं, पण त्याचा आवाज त्या शेतकऱ्यासारखा लागला होता, म्हणून मी भांडी आवरायला घेतली.

बाबा सप्टेंबरमध्ये परत गेले. जाण्याआधी अध्यक्षांनी त्यांना मंडळाचा बिल्ला दिला आणि बाबांनी त्यांना आपलं पुस्तक, सही करून. दिवाळीला दुसरी आवृत्ती निघाली. त्यात ‘माझी जर्मनी भेट’ नावाचं प्रकरण आहे आणि प्रतिकृतीच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोघांचा रंगीत फोटो. पहिलं पान जसंच्या तसं. एक प्रत त्यांनी आम्हाला पोस्टाने पाठवली, ‘चि. सौ. सूनबाईस सप्रेम’ असं लिहून.

अध्यक्ष महिना-दीड महिना माझ्याशी बोलले नाहीत, कचऱ्याबद्दलसुद्धा. मग एक दिवस केक न घेता आले. पुस्तिका पुन्हा छापायची होती. त्यांनी बराच विचार केला होता म्हणे, एका जुन्या सहकाऱ्याशी फोनवर बोलले होते, आणि जर्मन पानावरचा तो शब्द बदलला होता. त्यांनी कागद पुढे केला. ‘निर्जन’च्या जागी आता ‘विरळ वस्तीचा’ होतं.

ते माझ्या तोंडाकडे पाहत उभे राहिले. शाबासकीची वाट पाहणारा म्हातारा चेहरा. एका शब्दासाठी त्यांना एवढे दिवस लागले होते, आणि कबूल करते, तरीही त्या दोन गावांमध्ये आणि माझ्या सासरच्या गावात मिळून तेवढंच काय ते हललं होतं.

“माणसं होती, हे तुम्हाला मान्य आहे?” मी विचारलं.

“विरळ,” ते म्हणाले.

मी कागद घेतला आणि इंग्लिश करून दिलं. ‘विरळ’ तेवढं वगळलं. त्यांना ते वाचता येणार नव्हतं.